अठरा लिटरची सॅक

जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं, असं आम्ही गणपतीत ठरवलं आणि ऑक्टोबरच्या उन्हात मी सॅक शोधायला बाहेर पडलो. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं तिथे भाड्याने मिळतं. हौस भागवायला सॅक तेवढी उरली होती.

पुतण्या तिकडे जाऊन आलेला, म्हणजे घरातला तज्ज्ञ. त्याने फर्मावलं, "काका, पंधरा ते वीस लिटर. वर नाही. चपटी, पाठीला चिकटून बसणारी. छातीला पट्टा, कमरेला पट्टा. लोंबतं काही नको."

मेन रोडवरच्या दुकानात मी रुबाबात म्हटलं, "अठरा लिटरची दाखवा."

"लिटरवर नाही हो देत आपण. शाळेची, ऑफिसची का गावाला जायची?"

"बर्फावर घसरायची."

त्याने माळ्यावरून साठ लिटरची सॅक ओढून काढली. तिच्यात मी स्वतः मावलो असतो. "साल्हेरला जाणारी पोरं हीच नेतात, साहेब." साल्हेर १,५६७ मीटर, गुलमर्ग गावच २,६०० मीटरच्या वर आणि तिथला गोंडोला, म्हणजे रोप-वे, नेऊन सोडतो ते जवळजवळ ४,००० मीटरवर. पण मुद्दा उंचीचा नाही. साल्हेर चढताना ओझं झालं तर पाय फक्त शिव्या देतात. स्कीवर मात्र आपण डावीकडे वळलो तरी मोठी सॅक सरळ जायचं म्हणते, आणि मग दोघंही तिच्या मताने जातात. हे ज्ञान मी दुकानदाराला दिलं. त्याने पंखा वाढवला.

मग मी खिशातून लोकरीचे हातमोजे काढून घातले. चेन ओढायची पट्टी मोजे घालूनही पकडता आली पाहिजे, हा पुतण्याचा दुसरा नियम. बाहेर पस्तीस डिग्री, आणि मी हातमोजे घालून एकेक सॅक उघडतोय, आतला कप्पा चाचपतोय (गॉगलच्या कप्प्याला मऊ अस्तर हवं, नाहीतर काचेवर चरे पडतात), बंद करतोय. तीन सॅकनंतर दुकानातला पोरगा येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, तो शेवटपर्यंत हलला नाही. कमरेचा पट्टा पाहून मी खूश झालो तर दुकानदार म्हणाला, "तो कापून देतो, थांबा. सगळे कापूनच नेतात."

चौथ्या दुकानात मिळाली. अठरा लिटर, काळी, चपटी. घरी आल्यावर आईने ती उलटसुलट करून पाहिली. "यात डबा कुठं बसतो?"

"डबा नाही न्यायचा, आई. पाण्याची पिशवी असते, तिला नळी. घसरता घसरता प्यायचं. थंडीत नळीतलं पाणी गोठतं, म्हणून घोट घेतला की फुंकर मारून ते परत पिशवीत ढकलायचं."

"उष्टं पाणी? परत पिशवीत?"

त्या रात्री पाण्याची पिशवी मोरीत वाळत पडली ती पडलीच. पुतण्याने त्यात भर घातली. "आखलेल्या उतारांच्या बाहेर गेलं तरच फावडं आणि बीकन लागतं, काका." आईने फावडं कशाला म्हणून विचारलं, आणि त्या बावळटाने खरं सांगितलं: बर्फाखाली गाडलेला माणूस बीकनच्या सिग्नलवरून शोधायचा आणि फावड्याने उकरून काढायचा. तेव्हापासून सॅकच्या वरच्या कप्प्यात वणीच्या देवीचा अंगारा आहे.

राहिली चेअरलिफ्टची चाचणी. उतारावर वर नेणाऱ्या, तारेला टांगलेल्या त्या हलत्या खुर्चीवर सॅक पाठीवर घेऊन बसायचं नसतं. काढून मांडीवर धरायची आणि सगळे पट्टे आवरून घ्यायचे. एखादा अडकला तर उतरायच्या जागी आपण उतरतो, पट्टा उतरत नाही. आमच्या हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा आहे. मी सॅक मांडीवर घेऊन बसलो, बायकोने झोका दिला. "आलं हो स्टेशन," आई म्हणाली. मी ऐटीत उठलो आणि दोन पावलांवर जागच्या जागी थांबलो. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल कडीत घुसलं होतं. मागे गेलेला झोपाळा परत आला, गुडघ्यामागे बसला आणि मला घेऊन पुन्हा निघाला. दुसऱ्या फेरीत मी ओरडलो. तिसऱ्या फेरीत बायकोने झोपाळा धरला. त्याआधी तिने व्हिडिओ काढला होता. मग कात्री घेऊन मीच तो पट्टा कापला. दुकानदाराने फुकट कापून दिला असता.

निघायच्या आदल्या रात्री बायको सॅक भरायला बसली. "अहो, मोठी घ्या म्हणत होते ना मी!" जादा मोजे, सनस्क्रीन, पॉवर बँक (थंडीत मोबाईल पटकन मान टाकतो) एवढं गेल्यावर उरलेल्या जागेत तिने चिवड्याची अर्धा किलोची पिशवी कोंबली. चपट्या सॅकला पोट आलं.

गुलमर्गला पहिल्या सकाळी, शिकाऊ उतारावर, छातीचा पट्टा कचकन आवळून मी उभा राहिलो. प्रशिक्षकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सर, बॅग उधर रख दो. पहले खड़ा होना सीखो."

त्या दिवशी मी बावीस वेळा पडलो. एका वेळी बर्फात पाठीवर पसरलो असताना मान वळवून पाहिलं, तर बाकावर बायको, तिच्या हातात कहवा, मांडीवर सॅक. मला पाहून तिने मूठभर चिवडा उंचावला आणि ओरडली, "मोठी घेतली असतीत तर शेवपण आणली असती!"