खफी आणि खोफी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'ताई, देवनागरीच्या कुबड्या देऊन लोकांना कोरियन शिकवू नका' अशी सुरुवात केलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. चिडून लिहिलीत, पण अभ्यास असलेल्या माणसाने लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचे आक्षेप तीन : माझ्या लेखातल्या तक्त्यात कोरियन स्वरांपुढे मी देवनागरी अक्षरं लिहिली, 'ॲ' आणि 'ए' असा नसलेला फरक दाखवला, आणि 'स्वर एका संध्याकाळी वाचता येतात' अशी थाप मारली.

आधी थापेचं बघू. ती मूळची माझी नाही. कोरियाच्या सेजोंग राजाने कोरियन लिपी १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. तिच्या विवरणग्रंथात जंग इन्-जी या विद्वानाने लिहून ठेवलंय की हुशार माणूस ही सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठाला दहा दिवस लागतील. (हो, 'जंग'च, 'जोंग' नव्हे; का ते पुढे येतंच. 'सेजोंग'मधला ओ मात्र खरा ओ.) मी मठ्ठांच्या पंगतीतली. आकार ओळखायला एक संध्याकाळ पुरली, पण ते स्वर तोंडातून धड निघायला वर्ष गेलं. लेखात पहिलं लिहिलं, दुसरं लिहायचं राहिलं. इथे तुमचा राग रास्त आहे.

कुबड्यांवर मात्र मी भांडणार. उभी रेघ आणि तिला डावीकडे छोटी काडी, या स्वरासाठी रोमन लिपीत एक अक्षर पुरत नाही. 'ई' (e) आणि 'ओ' (o) जोडून काम भागवतात, आणि म्हणून आपण राजधानीला कधी 'सेऊल' म्हणतो, कधी 'सोल'. मूळ नावात अक्षरं दोनच : स-उल. तो अ आपल्या 'स'च्या पोटात आयताच बसलाय! ह्युंदाईचंही तसंच, कोरियन माणूस 'ह्यन्-दे'च्या जवळचं काहीतरी म्हणतो. मराठी माणसाने घरात असलेला स्वर सोडून रोमनच्या दारात का जावं?

याची किंमत मी मोजलीय. ऑफिसात कोरियाहून आलेल्या एका इंजिनिअरला मी मोठ्या ऐटीत 'खोफी?' असं विचारलं. त्याने आधी स्वतःचं नाक चाचपलं, मग हसत सुटला. कॉफी म्हणजे 'खफी' (फ ओठ मिटून, फणसातला). 'खोफी' म्हणजे नाकातून रक्त येणं, घोळणा फुटणं. फरक एवढाच, की एकात उभी रेघ आणि डावीकडे काडी, दुसऱ्यात आडवी रेघ आणि वर काडी.

आता तुमचं अर्धं म्हणणं मान्य. आपला अ तंतोतंत तो नव्हे. जीभ थोडी मागे आणि जबडा थोडा खाली न्यावा लागतो, त्यामुळे नवख्या कानाला तो कधी कधी आखूड 'ऑ' वाटतो. ओठ मात्र गोल करायचे नाहीत.

कोरियन लिपीत स्वर एकटा आला की आधी गोल का काढायचा, हेही मराठी वाचकाला चटकन कळतं. सावरकरांच्या लिपीसुधारणेतले 'अि, अु' आठवा. तिथे अ नुसता खुंटी, वेलांटी-उकार त्यावर टांगायचे. तो गोलही तशीच मुकी खुंटी.

'ॲ' आणि 'ए'बद्दल तुमचं बरोबर. पुस्तकी उच्चारात फरक आहे, पण आजच्या सउलमधली बहुतेक माणसं दोन्ही सारखेच म्हणतात. कुत्रा आणि खेकडा हे दोन वेगळे लिहिले जाणारे शब्द कानाला एकच लागतात. 'मी' आणि 'तू'ची रूपंही अशीच एकमेकांत मिसळायला लागली, म्हणून बोलताना 'तू'साठी सर्रास 'नी' वापरतात. लेखात दुरुस्ती केलीय : लिहिताना दोन, बोलताना 'ए'.

माझी खरी चूक मात्र तुमच्या नजरेतून सुटली. नुसत्या आडव्या रेघेने लिहितात त्या सपाट स्वरापुढे मी 'उ' लिहिला होता. कोरियनमध्ये 'उन' म्हणजे नशीब, आणि तोच शब्द त्या सपाट स्वराने म्हटला की चांदी. आरशासमोर 'उ' म्हणा, आवाज आणि जीभ तशीच धरून ठेवा आणि ओठ 'ई'सारखे फाकवा. चिंच चावल्यासारखं तोंड झालं तर जमलं. बस या शब्दाच्या शेवटी, आइस्क्रीमच्या मधोमध कोरियन लोक हाच स्वर घालतात, आणि आपण तो उकार समजून बसतो.

यासाठी मराठीत अक्षर नाही. अर्धा तास 'उ'ला टिंबं, रेघा जोडून पाहिल्या, एकही पटलं नाही. तक्त्यात त्या रेघेपुढचा रकाना आता मोकळा ठेवलाय.