हिरव्या कपाची बदनामी

मी संभाजीनगरात चिनी मातीची भांडी भाजतो, त्यामुळे गेल्या आठवड्यात निम्म्या नातेवाइकांनी मला एकच मेसेज पाठवला : "हिरव्या कपात क्रोमियम असते, क्रोमियम म्हणजे कॅन्सर. गरम चहात ते विरघळते. लिंबू पिळा, रंग उतरला तर विष, नाही उतरला तर बिनधास्त वापरा. आजीच्या तपकिरी बरणीत केमिकल नव्हते." मावशीने लगेच सहा कप कामवाल्या बाईंना देऊन टाकले. (विष आहे म्हणून दुसऱ्याला द्यायचे?)

हिरवे म्हणजे क्रोमियमच, ही पहिली गफलत. तांबेही हिरवा रंग देते. तो बहुधा पारदर्शक, निळसर झाक असलेला. क्रोमचा हिरवा लष्करी गाडीसारखा गच्च. आणि क्रोम हिरवेच राहील असेही नाही. जस्त असलेल्या ग्लेझमध्ये (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात) ते तपकिरी होते, कथील आणि चुना असेल तर गुलाबी. मागे माझ्या भट्टीत हिरव्या मगाशेजारी कथिलाच्या पांढऱ्या ग्लेझचा वाडगा ठेवला होता. १२२० अंशांना क्रोमची थोडी वाफ होऊन ती वाडग्यावर बसली. मगाकडची बाजू लाजल्यासारखी गुलाबी, दुसरी पांढरीशुभ्र. ऑर्डरचा वाडगा होता, घरीच ठेवावा लागला.

आता कॅन्सर. कॉलेजच्या लॅबमधले नारिंगी डायक्रोमेट आठवा. ते षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे एक रूप, आणि त्याने कॅन्सर होतो हे खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकले आहे. ग्लेझमध्ये पडतो तो हिरवा क्रोम ऑक्साइड, त्रिसंयुजी, म्हणजे दुसरे रूप. त्याला त्याच संस्थेने तिसऱ्या गटात, म्हणजे कॅन्सरकारक ठरवण्याइतका पुरावा नसलेल्यांत, ठेवले आहे. तो वितळायला २४०० अंशांच्या वर तापमान लागते, पाण्यात विरघळत नाही. ग्लेझमध्ये टाकतात तोही साधारण अर्धा ते दोन टक्के. चहाची काय बिशाद! पन्न्याचा हिरवा रंग बहुधा क्रोमियमचाच, हिरव्या काचेच्या बाटलीचाही. बिअर तर चहापेक्षा आंबट, तरी हिरव्या बाटलीवर असा मेसेज आमच्या वाळूजच्या बिअर कारखान्यांकडून कधी आला नाही. धोका असलाच तर कोरडी भुकटी तोलणाऱ्या मला. म्हणून मी मास्क लावतो.

मेसेजवाल्याला भीतीच घालायची होती तर रंग चुकला. शिशाच्या ग्लेझमध्ये क्रोम घालून १००० अंशांच्या आत भाजले की नारिंगी, लाल, पिवळे रंग येतात. त्यात लेड क्रोमेट तयार होते : शिसे आणि षट्संयुजी क्रोमियम, दोन्ही विषे एका ताटलीत. अशी भांडी मी शोभेलाच ठेवीन. तांब्याच्या हिरव्यात लोणचेही घालणार नाही, आंबटाने तांबे सहज सुटते.

लिंबाने रंग उतरला तर भांडे वापरू नका, एवढे बरोबर. नाही उतरला म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही, कारण सुटलेले शिसे डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के ॲसेटिक ॲसिड २४ तास ठेवतात आणि त्यात उतरलेले शिसे, कॅडमियम यंत्राने मोजतात.

आजीच्या बरणीचा तपकिरी रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. तेही केमिकलच की.

मावशीचे ते सहा कप मीच भाजले होते. शिसे अजिबात नाही, क्रोम एक टक्का. बाई आता रोज त्यातच चहा पितात, आणि मावशीला परत मागायची लाज वाटते.