फुकटच्या ईक्यूबद्दल: आमच्या स्टुडिओचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमच्या गाण्याचा मिक्स शुक्रवारी देतो म्हणालो आणि रविवारी दिला, ती चूक आमचीच. मनापासून माफी मागतो. आवाज पातळ लागतोय म्हणालात, तोही परत ऐकला, खाली लिहितो. पण "पैसे स्टुडिओचे घेतले आणि ईक्यू फुकटचा वापरला" हे चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. ईक्यू म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं साधन.

स्क्रीनवर तुम्ही पाहिलात तो रीईक्यू. तो रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरसोबतच येतो आणि रीपरचं लायसन्स आम्ही विकत घेतलेलं आहे. फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-क्यू हा ईक्यूही आहे, तोही विकतचा. तरी ढोलकीला रीईक्यू लावला, कारण काम तेवढंच होतं: 300 हर्ट्झच्या आसपासचे सूर तीन डीबीने, म्हणजे थोडेसे, कमी करायचे. एवढ्या साध्या कटला दोन्ही सारखेच. काल रात्री तुमच्याच ढोलकीवर दोन्ही लावून, कर्व्ह जुळवून, एका ट्रॅकची फेज उलटी केली, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना खोडून काढतात, आणि दोन्ही एकत्र वाजवले. स्पीकरमधून काहीही ऐकू आलं नाही. फरक असता तर तोच ऐकू आला असता ना?

तुमचे मित्र म्हणतात, लिनियर फेज या प्रकारचा ईक्यू लावायला हवा होता. ढोलकीचे खालचे सूर कापायला मी तो लावत नाही. थाप पडायच्या आधीच तिची पुसट सावली ऐकू यायला लागते आणि थापेची धार जाते. जिथे खरंच वेगळा ईक्यू लागतो तिथे वेगळाच लावला. अंतऱ्यात तार सप्तकात तुमचा आवाज 3 किलोहर्ट्झला टोचत होता, मुखड्यात नाही. तिथे टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू आहे, तो टोचेल तेवढ्यापुरताच दाबतो. हो, त्याचीही साधी आवृत्ती फुकट मिळते. त्या एका अंतऱ्यावर मी दीड तास बसलो होतो, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता पातळ आवाजाचं. ट्रॅक तुम्ही घरून रेकॉर्ड करून आणलात, मागे पंख्याची घरघर आणि विजेचा हम, म्हणजे सलग गुणगुण. आपल्याकडे हा हम 50 हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, 100, 150 वर बसतो. पुरुषाच्या आवाजाचा पायाही नेमका तिथेच. हम काढताना माझ्याकडून आवाजही जास्त कापला गेला, हे मान्य. पण ट्रॅक ऐकल्याबरोबर मी म्हणालो होतो, "सर, इथे परत गा, अर्ध्या तासाचं काम आहे." तुम्ही "मिक्समध्ये बघा" म्हणालात, ते रिव्ह्यूत आलं नाही.

मित्रांकडे सगळे महागडे प्लगइन (ईक्यूसारखी जोड-सॉफ्टवेअर) क्रॅक केलेले, म्हणजे पैसे न देता चोरून वापरलेले आहेत, असंही तुम्हीच सांगितलंत. तसे पन्नास टाकून आम्हालाही स्क्रीन भरता आली असती. अकरा वर्षांत एकही टाकला नाही. रिव्ह्यू वाचून परवा एका भजनी मंडळाने ठरलेली तारीख रद्द केली, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

यापुढे कुठे काय लावतोय ते ग्राहकाला आधीच नीट सांगू, वेळेचंही बघतो. तुमचा मिक्स पुन्हा नव्याने करून देतो, पैसे नकोत. सोमवार सोडून कधीही या, आवाज इथेच घेऊ.