‘भोकं पाडलेलं लोखंड’ आणि मामांचा खुबा

आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. “सावधान! हाडाची झीज भरायला डॉक्टर आता भोकं पाडलेला धातू बसवतात. तो कमजोर असतो, दोन वर्षांत तुटतो. हाड धातूत कधीच वाढत नाही. खान्देशच्या उन्हात तो आतून तापतो, पुढे गंजतो. एमआरआय कायमचा बंद. स्वतःचं हाड फुकट असताना हा निव्वळ पैशांचा खेळ. पुढे पाठवा.”

अमळनेरच्या मामांचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय. पूर्वी बदललेल्या खुब्याची वाटी ढिली झाली, मागचं हाड झिजून खड्डा पडला. त्यात टायटॅनियमचा सच्छिद्र तुकडा बसवायचं ठरलंय. मेसेज वाचून मामांचा फोन आला : “काय रे भाऊ, भोकं पाडेल लोखंडले इतला पैसा कसाले?”

विचारलं मला, कारण मी जळगावच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या मशीनिंगवर आहे. आमच्याकडे भोक म्हणजे पाप. ड्रिलखाली ब्लोहोल निघालं की माल भंगारात. त्यामुळे खरं सांगतो, पहिल्यांदा मलाही मेसेज पटला होता.

मग डॉक्टरांच्या टेबलावरचा नमुना हातात घेतला. टाच घासायच्या वजरीसारखा खरखरीत. उजेडाकडे धरला तर आत बोगदेच बोगदे, एकातून दुसऱ्यात निघणारे. ब्लोहोल असं नसतं. ते कुठेही अडकलेला, चहूकडून बंद वायूचा फुगा असतो. इथलं प्रत्येक भोक ठरवून ठेवलेलं. टायटॅनियमची भुकटी थरावर थर पसरून लेसरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने वितळवत हा तुकडा उभा करतात. टँटलम धातूचाही असाच प्रकार मिळतो. त्यात कार्बनच्या जाळीवर टँटलमचा थर चढवतात. पाऊण भागाहून जास्त पोकळी, भोकं साधारण ४०० ते ६०० मायक्रॉनची, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून बारीक. मटणाची नळी फोडून खाणाऱ्याने सांध्याकडचं टोक नीट पाहिलं असेल, तर ही जाळी त्याला नवी नाही.

आता ‘कमजोर’ या शब्दाकडे. भरीव स्टीलचा ताठरपणा २०० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०, आपल्या हाडाच्या कठीण सालीचा १५ ते २०. बैलजोडीत एक फार दांडगा असला की दुसरा जू नुसतं मानेवर घेऊन चालतो. हाडाचंही तेच होतं. सगळा भार धातूने ओढला की शेजारचं हाड रिकामं राहतं आणि विरत जातं. भोकं पाडून ताठरपणा हाडाच्या जवळ आणतात, सच्छिद्र टँटलमचा तर ३ गिगापास्कलच्या आसपास येतो. म्हणजे मेसेजवाला ज्याला दोष म्हणतोय, तो मुद्दाम आणलेला गुण आहे. एक मान्य करतो : वारंवार वाकणाऱ्या भाराखाली जाळी भरीव धातूपेक्षा लवकर थकते. म्हणूनच मांडीच्या हाडात जाणारा दांडा आतून भरीव ठेवतात, जाळी फक्त वरच्या अंगाला. मामांचा तुकडा मात्र वाटी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये दाबून बसणार आहे.

हाड धातूत वाढत नाही म्हणे! स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या पायात टायटॅनियमची नळी बसवली होती. प्रयोग संपला, नळी काही निघेना, हाडाने तिला घट्ट धरलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी त्याच तत्त्वावर माणसाच्या जबड्यात दातांसाठी टायटॅनियम बसवलं. भोकं असली की हाड नुसतं चिकटत नाही, रक्तवाहिन्यांसकट आत शिरतं. अट एकच, तुकडा हलता कामा नये. साधारण १५० मायक्रॉनहून जास्त हालचाल होत राहिली की हाडाऐवजी मऊ तंतूंचा पडदा तयार होतो आणि वाटी पुन्हा ढिली. म्हणून सुरुवातीला स्क्रू, आणि मामांना कुबड्या.

उन्हाचं काय सांगू! बाहेर ४५ असो की ४७, मांसाखाली खोल बसलेला धातू शरीराइतकाच, ३७ अंशांवर राहतो. आणि गंज लोखंडाला चढतो, हे लोखंड नव्हेच. एमआरआय होतो, फक्त धातूजवळचं चित्र बिघडतं. आत काय आहे ते तंत्रज्ञाला आधी सांगायचं.

‘फुकटचं हाड’ कमरेच्या कडेतून काढतात. ते फुकट नसतं, दुसरी जखम होते, काहींना ती खुब्यापेक्षा जास्त दिवस दुखते. शिवाय मिळतं मोजकंच. लहान खड्ड्याला तेच चांगलं, हे मीही म्हणेन. मोठ्या खड्ड्यात भाराखाली ते विरघळू शकतं. पैशांचा मुद्दा मात्र खोटा नाही, हे तुकडे महाग आहेत. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली, पण हा खुबा आहे. म्हणून लेखी अंदाजपत्रक घेतलंय, आणि बॅच नंबरचं स्टिकर फाइलमध्ये लावून द्या म्हणून सांगून ठेवलंय.

खरी भीती आहे ती जंतूंची. त्या बोगद्यांत हाडाआधी जंतू पोचले तर त्यांना हुसकावणं कठीण, आणि हाड भरलेला तुकडा काढणं त्याहून कठीण. यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. डॉक्टरांनी साखर तपासायला, किडकी दाढ काढायला आणि तंबाखू सोडायला सांगितलं. दाढ परवा निघाली. साखरेचा रिपोर्ट उद्या मिळेल. तंबाखूची डबी अजून मामांच्या खिशात आहे.