तिशीतली शुगर: तेल मोजलं, ड्युटीचे तास कोण मोजणार?

फेब्रुवारी 2025 मधे पंतप्रधानांनी 'मन की बात'मधे खायचं तेल 10 टक्के कमी करा असं सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लठ्ठपणा हा विषय चालूच आहे. तेल कमी करावं, त्याला माझा काहीच विरोध नाही. पण चर्चेचा सूर कायम एकच, की आजकालच्या पोरांना शिस्त नाही, उशिरा उठतात, बाहेरचं खातात, मोबाईल सोडत नाहीत, म्हणून पंचविशी-तिशीत शुगर निघते. इंग्लंडमधे बसून हे वाचताना मला खरंच त्रास होतो.

इथे प्रत्येक वस्तीची गरिबी मोजलेली असते. उत्पन्न, नोकरी, शिक्षण, घरं असं सगळं धरून त्या भागाला क्रमांक देतात आणि आरोग्याचे आकडे त्याच्याशी जोडून बघतात, त्यामुळे चाळिशीच्या आत टाइप 2 डायबेटिस (म्हणजे नेहमी आढळणारा, इन्सुलिन नीट काम न केल्याने होणारा मधुमेह) कुणाला जास्त होतो हे लपून राहत नाही. गरीब वस्त्यांमधल्यांना होतो, आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांना होतो. 2023 मधे एनएचएसने (इथल्या सरकारी आरोग्यसेवेने) 18 ते 39 वयाच्या पेशंटसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला तेव्हा इंग्लंडमधे असे साधारण 1 लाख 40 हजार लोक होते. या वयात झालेला डायबेटिस जास्त आक्रमक असतो, डोळे, किडनी, हृदय लवकर धरतो, म्हणजे कमावायच्या ऐन वर्षांवरच घाला.

आता कुणी म्हणेल की भारतात हा श्रीमंतांचा आजार आहे. खेड्यांमधे अजून बऱ्याच अंशी तसं आहे. पण आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशव्यापी पाहणीचे 15 राज्यांचे आकडे 2017 मधे आले त्यात पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागात चित्र उलटं झालेलं दिसलं, गरीब गटात डायबेटिस जास्त. चंदीगड शहरात तर खालच्या आर्थिक गटात 26.9 टक्के आणि वरच्या गटात 12.9 टक्के. दुपटीहून जास्त! आणि चित्र उलटं झालेल्या या यादीत आपला महाराष्ट्रही आहे. पुढे 2023 मधे याच पाहणीतून देशात 10.1 कोटी डायबेटिसवाले आणि 13.6 कोटी प्रीडायबेटिसवाले (म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे) असा आकडा आला, तो सगळीकडे फिरला, माझ्याकडेही चार जणांनी पाठवला, पण गरीब-श्रीमंतवाला भाग कुणीच पाठवला नाही.

शिस्तीचं म्हणाल तर पुण्यातलंच काम बघा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मधे स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांमधली नवजात बाळं मोजली होती, वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलो, आणि आपली बाळं इतकी लहान असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. आईला गरोदरपणात नीट खायला मिळालं का, तिच्यावर कामाचा बोजा किती होता, याचा हिशोब मुलाच्या शरीरात जन्माआधीच मांडला जातो. मग त्याच मुलाला पंचविसाव्या वर्षी जिमचा सल्ला देऊन आपण मोकळं व्हायचं?

आणि तो मुलगा करतो काय तर बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी, नाहीतर आठवड्याला बदलणारी शिफ्ट, नाहीतर रात्री उशिरापर्यंत डिलिव्हरी. झोप कमी झाली की इन्सुलिनचं काम बिघडतं, शिफ्ट ड्युटीचा आणि डायबेटिसचा संबंध तर कितीतरी अभ्यासांत दिसलाय. जेवायला वीस मिनिटं मिळतात तेव्हा माणूस जे स्वस्त आहे आणि पोट भरतं तेच खाणार ना.

इंग्लंडने सगळं बरोबर केलंय असं अजिबात नाही. एक गोष्ट चांगली केली, 2018 मधे गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, आणि कंपन्यांनीच साखर कमी केली, गिऱ्हाइकाला शिस्त शिकवायची गरज पडली नाही. आपल्याकडे अशा पेयांवर जीएसटी 40 टक्के आहे, पण साखर कमी असो की जास्त, कर तोच, मग कंपनी कशाला कमी करेल? पण वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं इथेही पैशावरच येऊन थांबलं, त्यातलं माउंजारो जून 2025 पासून एनएचएसमधे सुरू झालं ते आधी फक्त बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त (आपल्यासारख्यांना 37.5) आणि सोबत वजनाशी संबंधित किमान चार आजार असतील त्यांनाच, बाकीचे बरेचजण खिशातून विकत घेतात, म्हणजे ज्याच्याकडे पैसे त्याचं वजन उतरणार. भारतात तर जवळजवळ सगळंच खिशातून.

तपासणीतही दोन्ही देश तरुणांना गाळतात. इथली मोफत हेल्थ चेक 40 ते 74 वयाची, भारतात सरकारी स्क्रीनिंग 30 पासून पुढे. माझं म्हणणं आहे की ते 20 पासून करा, कमरेचं माप घ्या (आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात), आणि फॉर्मवर नोकरी कंत्राटी की कायम, ड्युटी किती तासांची, रात्रीची आहे का, हे रकाने घाला. कंत्राटदाराच्या गेटवर जाऊन तपासणी करा आणि तो अर्धा दिवस पगारी धरा, नाहीतर रोजावरचा पोरगा येणारच नाही.