शुद्ध गाईचे तूप आणि चालणारा मोबाइल : एका प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

इंग्रजीतल्या मॉडिफायरवर, म्हणजे दुसऱ्या शब्दाबद्दल काही सांगणाऱ्या शब्दांवर आणि तुकड्यांवर, मागच्या आठवड्यात जे लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. आधी मोबाइलवर घाईत वाचली आणि थोडा राग आला. रात्री अभ्यासिका बंद केल्यावर निवांत वाचली, तेव्हा राग गेला आणि झोपही गेली. खाली दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून ही वेगळी नोंद.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी: गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्यांचं म्हणणं असं. मी चुकीचं म्हणून दिलेलं 'वॉकिंग थ्रू गंजगोलाई (लातूरची बाजारपेठ), राहुल्स मोबाइल वॉज स्टोलन' हे वाक्य ऐकून मोबाइल चालत होता असं जगात कुणालाही वाटणार नाही, मग चूक कसली? 'ओन्ली' ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या शेजारीच हवा, हा माझा आग्रह निव्वळ पुस्तकी आहे. जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेतून हा प्रकार केव्हाच हद्दपार झाला, तरी मी तेच दळण दळतोय. 'पोरायला उगं भेव दाखवायलाव तुम्ही,' हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं. आणि शेवटी, माझ्याच लेखात 'काल तपासलेल्या मुलांच्या वह्यांत' असं छापलंय. त्यावर विचारलंय, 'मुलं तपासली का? आरोग्य तपासणी होती का काही?'

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथं मी सरळ सापडलोय. तपासल्या होत्या वह्या, मुलं नव्हे. पण गुरुजी, तुम्ही बोट ठेवलंत ती जागा इतकी नेमकी आहे की माझं सगळं म्हणणं तिथूनच मांडता येतं.

गंजगोलाईकडे जाताना एका दुकानावर पाटी आहे, 'येथे शुद्ध गाईचे तूप मिळेल'. अशी पाटी प्रत्येक गावात असते आणि प्रत्येक मराठीचा शिक्षक तिच्यावर विनोद करतो. गाय शुद्ध की तूप शुद्ध? आता त्याच पाटीवर 'शुद्ध'च्या जागी 'ताजे' लिहून बघा. 'ताजे गाईचे तूप'. गोंधळ संपला! शब्दांची जागा तीच आहे, पण आता गाय ताजी आहे असं कुणी म्हणणार नाही, कारण गाईला लावायचं असतं तर 'ताज्या' झालं असतं. 'ताजे' हा शब्द तुपाचं दावं गळ्यात घालूनच उभा आहे. 'शुद्ध' मात्र लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. त्याला दावं नाही, त्यामुळे जो शेजारी उभा असेल त्याचा तो होतो.

माझ्या वाक्यातही तेच झालं. 'तपासलेली वही', 'तपासलेला मुलगा' इथं काहीच अडत नाही. पण पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला, सामान्यरूप झालं, की दोन्हीकडे 'तपासलेल्या'. दावं सुटलं. मग मुलांच्या शेजारी उभा असलेला शब्द मुलांना जाऊन चिकटला.

इंग्रजीतली सगळीच विशेषणं 'शुद्ध'सारखी आहेत. गुड बॉय, गुड गर्ल, गुड घी, एका अक्षराचा फरक नाही. लिंग नाही, वचन नाही, सामान्यरूप नाही. कोण कुणाचं हे सांगायला त्या भाषेकडे शेजार सोडून जवळपास काही उरलेलंच नाही. आपल्या वेरूळचंच घ्या. 'एका अखंड खडकात कोरलेलं कैलास लेणं पर्यटक डोळे भरून पाहतात.' यातला 'कोरलेलं' तुम्ही कुठंही सरकवा, तो पर्यटकांना चिकटू शकत नाही, कारण तो नपुंसकलिंगी एकवचनी आहे. इंग्रजीत 'कार्व्हड आउट ऑफ अ सिंगल रॉक, टूरिस्ट्स ॲडमायर द कैलास टेंपल' लिहिलं की व्याकरणाच्या हिशेबानं पर्यटकच खडकातून कोरून काढलेले. वाचणारा हसून पुढं जाईल, बरोबर अर्थही लावेल, हे तुमचं खरं. पण परीक्षा घेणारा तिथंच थांबतो.

आता मोबाइलचं वाक्य. तुम्ही लिहिलंत, 'गंजगोलाईतून चालताना राहुलचा मोबाइल चोरीला गेला, हे शुद्ध मराठी आहे.' शंभर टक्के. आणि आमच्या पोरांची चूक नेमकी तिथून येते, हे मी आधीच्या लेखात लिहायला हवं होतं. मी तिथं पोरांच्या इंग्रजीवर विनोद केले. ती चूक कच्च्या इंग्रजीची कमी आणि पक्क्या मराठीची जास्त आहे, हे सांगायचं राहून गेलं.

आपलं 'ताना' आणि 'ल्यावर' कुणाच्याही शेतात चरतं. 'बसमधून उतरताना पाऊस सुरू झाला.' उतरणारा मी, सुरू होणारा पाऊस, तरी काही बिघडलं नाही. पण आता 'ऊन' लावा: 'बसमधून उतरून पाऊस सुरू झाला.' कानाला खटकलं की नाही? 'बसमधून उतरत पाऊस सुरू झाला', हेही खटकतं. 'ऊन' आणि 'त' सहसा मालक सोडत नाहीत. उतरणारा जो, पुढचं कामही त्यानंच करायला पाहिजे. उदगीरच्या बाजारात आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हे वाक्य ऐकवा, तो म्हणेल काहीतरी चुकलं.

गंमत ही, की इंग्रजीतलं वाक्याच्या सुरुवातीचं 'आयएनजी' हे आपल्या 'ऊन' आणि 'त'च्या जातीचं आहे, आणि पोरं त्याचं भाषांतर करतात 'ताना' धरून. म्हणून मी आता अभ्यासिकेत असं सांगतो: स्वल्पविरामाच्या आधीचं 'वॉकिंग' म्हणजे 'चालत चालत' समजा आणि मोठ्यानं म्हणा. 'गंजगोलाईतून चालत चालत राहुलचा मोबाइल चोरीला गेला.' पोरं आपसूक हसतात. मग दोनच वाटा. एक तर स्वल्पविरामानंतर लगेच राहुलला आणा, 'राहुल्स' नाही, नुसता 'राहुल': 'वॉकिंग थ्रू गंजगोलाई, राहुल हॅड हिज मोबाइल स्टोलन'. नाहीतर पुढच्या अर्ध्या वाक्याला हातच लावू नका, पहिल्या अर्ध्यालाच त्याचा कर्ता देऊन टाका: 'ॲज राहुल वॉज वॉकिंग थ्रू गंजगोलाई, हिज मोबाइल वॉज स्टोलन'. हा 'राहुल्स'चा सापळा पर्यायांत नेहमी असतो, कारण राहुल डोळ्यांना दिसतो आणि पोरगं निर्धास्त होतं. पण तिथं कर्ता मोबाइल आहे, राहुल नुसता त्याचा मालक.

तुम्ही विचारलंत, मग 'कन्सिडरिंग हिज एज, ही रन्स फास्ट' कसं चालतं? तिथं तर वय लक्षात घेणारा तो नाहीच. बरोबर आहे. अशा तुकड्यातलं काम करणारा नेहमी पुढचा कर्ताच असतो, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं; त्यातला 'नेहमी' हा शब्द, तो चुकीचा होता, काढून टाकलाय. पण याचंही उत्तर घरातच आहे. 'मला धरून पाच जण', 'तो सोडून सगळे आले', 'आम्ही मिळून केलं'. ही सगळी 'ऊन'वालीच रूपं, पण 'मला धरून' म्हणताना कोण कुणाला धरतंय असं आपण विचारत नाही. वापरून वापरून त्यांतलं क्रियापद झिजलं आणि ती नुसती जोडायची अव्ययं झाली. कन्सिडरिंग, रिगार्डिंग, अकॉर्डिंग टू, गिव्हन ही तशीच झिजलेली नाणी. त्यांना कर्ता मागू नये.

'पाऊस पडून रस्ते वाहून गेले' असंही कुणी पुढं करेल. तिथं पडणारा पाऊस त्या तुकड्यातच हजर आहे, म्हणून चालतं. इंग्रजीतही 'द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट' चालतं, त्याच कारणानं. स्वतःचा डबा घेऊन आलेल्याला शेजारच्या ताटात हात घालावा लागत नाही.

इथपर्यंत माझी युक्ती छान चालते. पण ती कुठं पडते तेही सांगतो, नाहीतर तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत सांगालच. जळकोटकडची एक मुलगी माझ्याकडे येते, सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची तयारी करते. तिनं वहीत लिहिलं होतं, 'सीइंग द रिझल्ट, टिअर्स केम टु माय आइज'. मी लाल गोल केला. तिनं माझंच शस्त्र माझ्यावर चालवलं: 'सर, निकाल पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऊन लावून बघितलं, खटकत नाही.' मी गप्प. खरंच खटकत नाही. 'बातमी ऐकून त्याला आनंद झाला' हेही नाही. मराठीत ज्याला काही वाटतं, होतं, आठवतं, तो 'ला' नाहीतर 'च्या' लावून बाजूला बसलेला असतो. कर्त्याच्या जागी आनंद, पाणी, राग असलं काहीतरी असतं. तरी 'ऊन' त्या बाजूला बसलेल्यालाच मालक मानतं. इंग्रजीला हे पटत नाही. अनुभवणारा माणूस स्वतः कर्त्याच्या खुर्चीत बसलेला पाहिजे. म्हणून 'सीइंग द रिझल्ट, आय बर्स्ट इंटु टिअर्स'. त्या दिवसापासून फळ्यावर एक ओळ वाढवली आहे: मराठी वाक्यात 'ला' किंवा 'च्या डोळ्यांत, च्या मनात' असं काही असेल तर कानावर भरवसा ठेवू नका, कर्ता बोटानं शोधा.

'ओन्ली'बद्दल मी हरलो, असं लिहून टाका. आपला 'च' ज्याला चिकटतो त्याचाच असतो. मीच एक भाकरी खाल्ली, मी एकच भाकरी खाल्ली, मी एक भाकरीच खाल्ली, मी एक भाकरी खाल्लीच. चार वेगळे अर्थ आणि गोंधळ शून्य. 'ओन्ली'ला असं चिकटता येत नाही, पण बोलताना इंग्रज माणूस आवाजाच्या जोरावर भागवतो आणि 'आय ओन्ली एट वन भाकरी' सर्रास म्हणतो, लिहितोही. त्याला चूक म्हणणं हा माझा हट्ट होता. परीक्षेपुरतं एवढंच: वाक्यात दुसरी ठळक चूक असेल तर 'ओन्ली'च्या मागं लागू नये.

जीमॅटबद्दल तुमची माहिती बरोबर आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये नवं रूप आलं त्यात सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य दुरुस्त करण्याचे प्रश्न, नाहीत, आणि जानेवारी 2024 नंतर जुनी परीक्षा बंदच झाली. पण सॅट या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत हा प्रश्न आजही आहे. डिजिटल झाल्यावर वाचन-लेखनाचे 54 प्रश्न 64 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यात रिकाम्या जागेआधी असला एखादा लोंबकळणारा तुकडा देऊन चार पर्याय पुढं ठेवतात. अर्थात लातूर-नांदेडातून सॅट देणारे किती? माझ्याकडे येणारी पोरं एसएससी (केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या परीक्षा) आणि सीडीएसची. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे, बरोबर आलं तर 2 गुण, चुकलं तर 0.50 वजा. सीडीएसला इंग्रजीचा 100 गुणांचा स्वतंत्र पेपर, 120 प्रश्न, दोन तास, आणि चुकीला एक तृतीयांश कापतात. तिथं चुका शोधण्याचे प्रश्न असतात, शिवाय वाक्याचे तुकडे जुळवायचे असतात, आणि त्यातही कोण कुणाच्या शेजारी बसतं हाच खेळ असतो.

तो खेळ दिसतो त्यापेक्षा चिवट आहे. हाळीच्या जनावरांच्या बाजाराचं एक वाक्य मी पोरांना देतो: 'ही सोल्ड द बफेलो टु अ डीलर दॅट गिव्ह्ज टेन लिटर्स ऑफ मिल्क'. दहा लिटर दूध देणारा व्यापारी! लगेच पोरं तुकडा उचलून म्हशीजवळ नेतात: 'ही सोल्ड द बफेलो दॅट गिव्ह्ज टेन लिटर्स ऑफ मिल्क टु अ डीलर'. आता म्हैस व्यापाऱ्याला दूध देऊ लागली. एकाला शेजारी आणलं की दुसरा दूर जातो. शेवटी व्यापाऱ्यालाच आधी उरकावं लागतं: 'ही सोल्ड अ डीलर द बफेलो दॅट गिव्ह्ज टेन लिटर्स ऑफ मिल्क'. मराठीत 'देणारी' म्हटलं की काम झालं असतं. ती 'री' इंग्रजीत नाही, तिची भरपाई जागेनं करायची.

राहता राहिलं भेव दाखवण्याचं. आधीचा लेख पुन्हा वाचला. 'एवढंही कळत नाही का' असं एक वाक्य त्यात होतं. ते मी पोरांना उद्देशून लिहिलं होतं की स्वतःला, मला आता सांगता येणार नाही. पहिल्यांदा सीडीएस दिली तेव्हा असल्याच प्रश्नांत मी गुण घालवले होते, आणि तेव्हा मला क्लासमध्ये नेमकं हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं. काढलंय.

'मुलांच्या काल तपासलेल्या वह्यांत' अशी दुरुस्तीही आज सकाळी केली. त्याच झोकात येताना त्या दुकानावर थांबलो आणि मालकाला म्हटलं, काका, पाटी जरा बदला, 'गाईचे शुद्ध तूप' असं पाहिजे. त्यानं चष्मा वर करून पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

'सर, गाय बी शुद्धच हाय की.'