नॉर्वेचा दाखला देणाऱ्यांस

खासगी डिजिटल रेडिओविषयीच्या शिफारशी ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारला सादर केल्या. त्यांतल्या 13 शहरांत मुंबई, पुणे आणि नागपूर असल्यामुळे माझ्या ओळखीच्या मंडळींत एक वाक्य सारखे ऐकू येते : ‘नॉर्वेने एका वर्षात एफएम बंद करून दाखवले आणि आपण अजून चाचण्याच घेत बसलो आहोत.’ नॉर्वेतल्या बेर्गनमध्ये राहणाऱ्या मला हे ऐकवताना मी मान डोलवावी अशी अपेक्षा असते. मला मात्र राग येतो.

एनआरके या नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने केवळ डिजिटल असलेली अभिजात संगीताची वाहिनी जून 1995 मध्येच सुरू केली होती. राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण जानेवारी 2017 मध्ये उत्तरेकडच्या नूरलान प्रांतापासून टप्प्याटप्प्याने थांबत गेले. म्हणजे ज्याला हे लोक एक वर्ष म्हणतात, त्यामागे 22 वर्षे आहेत. निम्मे श्रोते तरी रोज डिजिटल मार्गाने रेडिओ ऐकत असले पाहिजेत, तोवर एफएमला हात लावायचा नाही, अशी अट येथे आधीच घालून ठेवलेली होती. एवढे करूनही, प्रत्यक्ष बंद होण्याच्या तोंडावर दागब्लादे या वृत्तपत्राने छापलेल्या पाहणीत 66 टक्के लोकांनी विरोध नोंदवला, आणि सुमारे 20 लाख मोटारींत डॅब, म्हणजे येथला डिजिटल रेडिओ पकडण्याची सोय, नव्हती. अनेक लहान स्थानिक केंद्रे तर आजही एफएमवरच आहेत. आमच्या ह्युत्तेवरचा, म्हणजे सुटीतल्या घरातला, जुना संच त्यांच्याच भरवशावर बोलतो.

ट्रायनेही एफएम बंद करा असे म्हटलेले नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर एक जुनी वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक डेटा वाहिनी, असे सहप्रक्षेपण सुचवले आहे. कागदपत्र न वाचता परदेशाचे दाखले देण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे. येथे लोक निदान वाचून भांडतात, असे म्हणण्याचा मोह मला नेहमी होतो. त्या 2017 च्या हिवाळ्यातले वृत्तपत्रांतले वाचकांचे रकाने आठवले की तो आवरतो.

माझा खरा आक्षेप चाचणीत काय तपासले जाते, याला आहे. आकाशवाणीने मध्यम लहरींचे 35 प्रक्षेपक डीआरएम या डिजिटल पद्धतीचे केले, 2021 मध्ये दिल्ली आणि जयपूर येथे एफएम पट्ट्यातही त्याची चाचणी घेतली, आणि तांत्रिक बाजू ठीक निघाली. पण तो आवाज ऐकायचा कशावर? काही नव्या मोटारी सोडल्या, तर दुकानात सहज मिळेल असा स्वस्त संच कुठे आहे? पुणे केंद्राच्या 792 किलोहर्ट्झवर शेती कार्यक्रम ऐकणारे माझे काका हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारतील.

सिमकार्ड आणि इंटरनेट यांच्याशिवाय थेट मोबाइलवर चित्रवाणी पोहोचवण्याच्या डी-टू-एम योजनेचेही तेच. बेंगळुरूमध्ये आणि दिल्लीच्या कर्तव्य पथावर चाचण्या झाल्या. जानेवारी 2024 मध्ये आणखी चाचण्यांसाठी 19 शहरांची घोषणा झाली. वेगळी चिप घातल्यास हँडसेट महागेल, असे सॅमसंग आणि क्वालकॉमसारख्या कंपन्यांनी त्याआधीच कळवले होते. त्यांचा स्वार्थ उघड आहे, तरी मुद्दा खोटा ठरत नाही. नॉर्वेचाच दाखला हवा असेल, तर हा घ्या : 2009 मध्ये ऑस्लो परिसरात मिनीटीव्ही नावाने मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू झाले होते. सिग्नल येत होता, पण तो पकडणारे फोन बाजारात जवळजवळ नव्हते, आणि सेवा टिकली नाही. हा दाखला मात्र कोणी देत नाही.

हे सगळे मी इतक्या आवेशाने लिहितो, त्याचे कारण मला पुरेसे शोभादायक वाटत नाही. 2017 मध्ये येथे वाद चालू असताना मी एका शब्दानेही भाग घेतला नाही. गाडीसाठी डॅबचा अडॅप्टर मुकाट्याने विकत घेतला, कारण या देशाच्या रेडिओवर तक्रार करण्याचा अधिकार मला आहे, असे आतून वाटत नव्हते. भारतातल्या रेडिओविषयी तो अधिकार मी गृहीत धरतो, आणि तेथे मला संचही विकत घ्यायचा नाही, नवा हँडसेटही नाही. पुणे केंद्र मी फोनवरच्या अॅपमधून ऐकतो, तेही या देशातल्या इंटरनेटवर. कोणत्याही चाचणीच्या पाहणीत माझी श्रोता म्हणून गणना होणार नाही, आणि ती होऊही नये. काकांची मात्र व्हायला हवी, आणि ती 19 शहरांत होणार नाही, कारण ते शिरूर तालुक्यातल्या एका वाडीवर राहतात.